अंगावर पिणारे मूल आणि रात्रीची झोप

चौदा-पंधरा महिन्यांचे एखादे मूल पाहावे. दिवसा ते घरभर हिंडते, वरणभात खाते, शेजारच्या मुलांच्या चेंडूमागे धावते, आणि खेळात रमले म्हणजे तीन-तीन तास त्याला आईच्या दुधाची आठवणही होत नाही. परंतु तेच मूल रात्री साडेनऊला अंगावर पिता पिता झोपी गेल्यावर साडेबाराला उठते, दोनला उठते, आणि तेथून उजाडेपर्यंत तासातासाला पदराशी झोंबून, दोन-चार घोट घेतले न घेतले तोच पुन्हा निद्राधीन होते. 'पोट भरत नसेल', असे सासूबाई म्हणतात. 'दूध पातळ झाले असेल', असे शेजारीण सुचवते. आणि 'सवय आहे, दुसरे काय', असा निकाल मुलाचे वडील कूस बदलता बदलता देऊन टाकतात. पुढे एखाद्या रात्री आईला परगावी मुक्काम करावा लागतो, घरचे सर्वजण धास्तावून बसतात, आणि मूल आजीच्या कुशीत थोडा वेळ रडून, थोपटून घेऊन, मध्ये एकदा-दोनदा घोटभर पाणी पिऊन सकाळपर्यंत झोपते, हा अनुभव कितीतरी घरांना आलेला असेल. पोट भरत नव्हते म्हणावे, तर त्या रात्री ते कशाने भरले? आणि सवय होती म्हणावी, तर ती एका रात्रीत कोठे गेली?

या कोड्याची उकल निद्रेच्या घडणीत आहे, आणि ती एकदा ध्यानात आली म्हणजे आईचे दूध आणि रात्रीची झोप यांपैकी एकाचा बळी दिल्यावाचून दुसरे मिळत नाही, हा सर्वत्र रूढ झालेला समज आपोआप ढिला पडतो. पुढील सर्व विवेचन वर्ष ओलांडलेल्या, निरोगी आणि वरचे अन्न खाणाऱ्या मुलापुरते आहे. सहा महिन्यांच्या आतील बालकास रात्रीचे दूध लागतेच, आणि त्या पुढच्या सहा महिन्यांत ते कमी करावयाचे की काय, हे मुलाचे वजन पाहणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे.

जाग सर्वांनाच येते

मनुष्याची निद्रा एकजिनसी नसते. शिकागो विद्यापीठात नेथॅनिएल क्लाइटमन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या युजीन ॲसेरिन्स्की या विद्यार्थ्याला झोपलेल्या अर्भकांच्या डोळ्यांच्या हालचाली पाहत बसण्याचे काम नेमून दिले होते. काम कंटाळवाणे खरे. पण मिटलेल्या पापण्यांआड बुबुळे काही काळ अगदी स्तब्ध असतात आणि काही काळ वेगाने फिरू लागतात, या निरीक्षणाचा धागा धरून पुढे प्रौढांवर प्रयोग झाले, आणि १९५३ साली त्या दोघांनी झोपेची ही दोन रूपे जगापुढे मांडली. गाढ झोप आणि बुबुळे फिरण्याची, स्वप्नांची झोप अशी आवर्तने रात्रभर एकामागून एक चालतात. प्रौढांत एक आवर्तन सुमारे दीड तासाचे असते. तान्ह्या मुलांत ते पन्नास-साठ मिनिटांचे असते आणि वयाबरोबर हळूहळू लांबत जाते. एक आवर्तन संपून दुसरे सुरू होण्याच्या सीमेवर झोप अतिशय विरळ होते, आणि क्षणभर जागही येते.

रात्रीच्या पॅसेंजर गाडीने सामानसुमान घेऊन प्रवास केलेल्या गृहस्थाला ही जाग चांगली परिचयाची असते. गाडी स्टेशनात थांबली की त्याचे डोळे किलकिले होतात, बाकाखालची ट्रंक जागच्या जागी आहे एवढे तो हाताने चाचपून पाहतो, आणि पुन्हा झोपतो; सकाळी विचारले तर 'एकदा डोळा लागला तो थेट मुक्कामावरच उघडला', असे तो निःशंकपणे सांगतो, कारण मधली सारी स्टेशने त्याच्या स्मरणात उरलेलीच नसतात. परंतु एखाद्या स्टेशनावर ट्रंक हाताला लागली नाही, तर मात्र तो खडबडून उठतो, दिवा लावावयास सांगतो, शेजारच्या उतारूंना जागे करतो, आणि ट्रंक सापडेपर्यंत त्या डब्यात कोणालाही स्वस्थता मिळत नाही. मुलाच्या बाबतीत ट्रंक म्हणजे ज्या स्थितीत त्याचा डोळा लागला ती स्थिती होय. स्तन तोंडात असताना झोप लागली, आणि तासाभराने किंचित जाग आली तेव्हा तोंडात काही नाही, आई दुसऱ्या कुशीवर वळलेली. मग ते जे ओरडते ते भुकेने ओरडते असे समजण्याचे कारण नाही, झोपी जाते वेळी होते ते आता जागेवर नाही एवढीच त्याची तक्रार असते.

अमेरिकेत टॉमस अँडर्स या मनोविकारतज्ज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात लहान मुलांच्या बिछान्याशेजारी कॅमेरे ठेवून त्यांच्या रात्रींचे चित्रण केले. 'आमचे मूल रात्रभर झोपते' असे ज्यांचे आईबाप खात्रीने सांगत, ती मुलेही चित्रणात जागी होताना दिसली. फरक इतकाच, की ती इकडेतिकडे पाहून, अंगठा चोखून वा कूस बदलून, कोणालाही हाक न मारता परत झोपत. तेव्हा मुलाची जाग बंद करणे हे आपले उद्दिष्टच नव्हे. जागेतून झोपेत परतण्याची वाट त्याला आईच्या अंगावरून न जाता सापडावी, एवढे साधावयाचे आहे.

आजीच्या कुशीतील त्या रात्रीचे गूढही येथे उलगडते. त्या रात्री मूल थोपटून घेत झोपले. मध्यरात्री जाग आली तेव्हा थोपटणारा हात तेथेच होता, आणि दुधाचा वासही आसपास नव्हता. एका रात्रीत सवय गेली नव्हती, त्या रात्रीपुरती ट्रंक निराळी होती.

पहिले दोन-तीन तास मूल स्वस्थ का असते, हेही सांगून टाकू. गाढ निद्रेचा मोठा भाग रात्रीच्या पहिल्या तृतीयांशातच उरकतो. पहाटेकडे झोप उत्तरोत्तर विरळ होत जाते आणि जागेच्या सीमा अधिक स्पष्ट जाणवू लागतात. म्हणून आईची खरी परीक्षा दोन वाजल्यानंतर सुरू होते.

स्तन्याचे निद्राजनक सामर्थ्य

अंगावर पाजून मुलाला झोपवणे ही आईची ढिलाई आहे, असे सांगणारे सल्लागार अलीकडे फार झाले आहेत. त्यांना शरीरधर्माचा विसर पडलेला असतो. मूल चोखू लागले म्हणजे त्याच्या आतड्यांतून कोलेसिस्टोकायनिन नावाचे एक द्रव्य रक्तात स्रवते, जे पोट भरल्याची आणि सुस्तीची जाणीव निर्माण करते; स्वीडनमधील कर्स्टिन उव्हनास-मोबेर्ग यांच्या संशोधनातून असे दिसले की चोखण्याच्या क्रियेने हेच द्रव्य आईच्याही रक्तात वाढते. जोडीला आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवते, ते दूध उतरवते आणि मनाचा ताणही उतरवते. रात्रीच्या दुधात मेलॅटोनिन हे निद्रेची वर्दी देणारे द्रव्य अल्प प्रमाणात असते, दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसते. सारांश, पाजता पाजता मूल झोपते आणि त्याच्याआधी आईच पेंगू लागते, यात लाडाचा किंवा आळसाचा संबंध यत्किंचितही नाही. पहिल्या वर्षात या निसर्गदत्त सोयीचा फायदा जी आई घेत नाही, ती विनाकारण आपले कष्ट वाढवते असे माझे मत आहे.

अडचण उद्भवते ती वर्षानंतर, आणि तीही स्तन्य हे झोपेचे एक साधन न राहता एकमेव साधन होऊन बसल्यावर. त्यावर दूध सरसकट तोडणे हा उपाय नव्हे. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने केवळ स्तनपान, आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक काळ ते चालू ठेवण्याची शिफारस करते. दूध राहू द्यावे, पण त्याची वेळ आणि झोपेची वेळ यांची फारकत करावी.

भूक किती आणि भेट किती

दुसऱ्या वर्षात मुलाच्या एकूण ऊर्जेच्या गरजेपैकी सुमारे एक-तृतीयांश भाग आईच्या दुधातून भागू शकतो, असा त्याच संघटनेचा हिशेब आहे. उरलेले दोन-तृतीयांश वरच्या अन्नातून यावयाचे, आणि ते दिवसा यावयाचे. आता जे मूल रात्री पाच-सहा वेळा पिते, त्याला सकाळी भूक कोठून असणार? न्याहारीला ते तोंड फिरवते, दुपारी चार घास खाऊन उठते, आणि दिवसभरात राहिलेली तूट रात्री वसूल करते. मग रात्री प्यायल्यामुळे पुन्हा सकाळची भूक नाहीशी होते. त्यात दुसऱ्या वर्षी वाढीचा वेग मुळातच मंदावतो. पहिल्या वर्षात जन्मवेळचे वजन तिपटीवर गेलेले असते, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलोंची भर पडते. परंतु घरातील माणसे पहिल्या वर्षाच्या मापाने दुसऱ्या वर्षाची भूक मोजतात आणि 'खातच नाही, निदान रात्रीचे दूध तरी असू दे', असे म्हणून ते चक्र अधिकच घट्ट करतात.

नोकरी करणाऱ्या आईचा मामला याहून नाजूक आहे. कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. ज्यांना ती मिळते त्यांनाही मूल सहा महिन्यांचे होते न होते तोच कामावर हजर व्हावे लागते. सकाळी पावणेआठची लोकल धरणारी आणि संध्याकाळी साडेसातला दारात पाऊल टाकणारी आई मुलाच्या वाट्याला जागेपणी किती येते? तास-दीड तास, आणि त्यातही ओट्यापाशी उभी असलेली. असे मूल रात्रभर पीत राहते, तेव्हा ते दुधाबरोबर दिवसभराची थकलेली भेटही वसूल करीत असते, आणि ही मागणी केवळ शिस्तीने मिटत नाही. अशा घरी पहिला इलाज रात्री न करता संध्याकाळी करावा. आल्यावर हातपाय धुऊन, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, आईने मुलाला घेऊन वीस मिनिटे कोपऱ्यात बसावे आणि दोन्ही बाजूंनी पोटभर पाजावे. स्वयंपाक वीस मिनिटे उशिरा झाल्याने कोणाचेही घर बुडाल्याचे ऐकिवात नाही. आणि कुकर लावण्याची विद्या पुरुषांनाही येऊ शकते. रात्रीच्या जेवणात मऊ भात, वरण, तूप, भाकरी कुसकरून घातलेली भाजी, अंडे चालत असल्यास अंडे, असे काही टिकणारे असावे, आणि जेवण निजण्याच्या किमान तासभर आधी व्हावे, म्हणजे 'मुलाला भूक असेल' ही शंका मध्यरात्री आईचा निश्चय मोडावयास येत नाही.

शरीरातील घड्याळ आणि घरातील दिवा

झोप केव्हा यावी हे दोन गोष्टी मिळून ठरवतात, असे प्रतिपादन झुरिचचे अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली केले, आणि ते आजही ग्राह्य धरले जाते. जागेपणाच्या प्रत्येक तासागणिक साचत जाणारी झोपेची निकड ही एक. आणि उजेड-अंधाराच्या फेऱ्यावर चालणारे मेंदूतील घड्याळ ही दुसरी. दोन्ही अनुकूल झाल्या तरच मूल सुखाने निजते.

निकड कशी वाया जाते पाहा. दुपारी चारला निजवलेले मूल 'निजले आहे तोवर कामे उरकू' म्हणून सहापर्यंत निजू दिले जाते. मग नऊ वाजता त्याला थोपटत बसले तर ते उठून नाचू लागते, यात नवल ते काय? वर्ष-दीड वर्षाच्या मुलाची दुपारची झोप साडेतीन, फार तर चारच्या आत संपावी. घड्याळाचा बिघाड दिव्याने होतो. येल विद्यापीठातील आरन लर्नर यांनी १९५८ मध्ये गुरांच्या मेंदूतील एका चिमुकल्या ग्रंथीतून मेलॅटोनिन वेगळे काढले; अंधार पडू लागला की ते रक्तात वाढू लागते आणि डोळ्यांवर उजेड पडला की त्याचा स्राव थांबतो. लहान मुलांच्या डोळ्यांत प्रौढांपेक्षा अधिक उजेड शिरतो. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात तीन ते पाच वर्षांच्या दहा मुलांना निजण्यापूर्वीचा एक तास प्रखर उजेडात खेळावयास लावले, तेव्हा त्यांच्या मेलॅटोनिनचे प्रमाण सुमारे ८८ टक्क्यांनी घसरले, आणि दिवा मंद केल्यावरही पन्नास मिनिटांपर्यंत ते फारसे सावरले नाही.

आपल्या घरांत रात्री साडेआठ ते दहा या वेळात काय काय चालते, याची आठवण केली तर अधिक सांगावयास नको. पांढरी ट्यूबलाइट, समोर मालिका, आणि नेमके त्याच वेळी परतलेले वडील मुलाला वर उडवून झेलत आहेत! जोडी मिंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७ देशप्रदेशांतील २९,२८७ लहान मुलांची जी पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध केली, तीत भारतही होता. आशियाई मुले पाश्चात्त्य मुलांहून उशिरा निजतात आणि एकंदरीत कमी झोपतात, असे तीत आढळले. सबब आठच्या सुमारास ट्यूबलाइट मालवून पिवळसर मंद दिवा लावावा, आणि वडिलांनी झेलण्याचा खेळ सकाळवर तहकूब ठेवावा. सकाळी उठल्याबरोबर गॅलरीत किंवा अंगणात उजेडात नेणे हेही याच उपायाचे दुसरे अंग आहे.

| चौकट : चोवीस तासांतील झोप |
|---|
| जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेली प्रमाणे (दुपारची झोप धरून): १ ते २ वर्षे : ११ ते १४ तास; ३ ते ४ वर्षे : १० ते १३ तास. |
| दुपारी दोन तास निजणारे मूल रात्री आठला झोपून पहाटे साडेपाचला ताजेतवाने उठले, तर त्याची साडेअकरा तास झोप झाली. ते लवकर उठते ही आईची गैरसोय आहे, मुलाचा दोष नव्हे. |

पहिल्या झोपेपासून आरंभ

बहुतेक आया लढाई दोन वाजता सुरू करतात. त्या वेळी आई अर्धवट झोपेत, मूल विरळ झोपेत आणि शेजारी भिंतीपलीकडे कान देऊन. अशा प्रसंगी कोणताही निश्चय टिकत नाही. आरंभ करावयाचा तो रात्रीच्या पहिल्या झोपेपासून, कारण ट्रंक तेथे ठेवली जाते.

पहिल्या आठवड्यात फक्त क्रम बदलावा. हल्ली जेवण, खेळ, दूध आणि झोप असा क्रम असेल, तर दूध एक पायरी अलीकडे आणावे: दिव्याच्या उजेडात, बसून पाजावे, मग ओल्या फडक्याने वा लहान ब्रशने दात पुसावेत, कोमट पाण्याने अंग धुवावे, तेलाचा हात फिरवावा, एखादे चित्रांचे पुस्तक पाहावे, आणि नंतर बिछान्यावर अंगाई. कोमट पाण्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराच्या आतली उष्णता बाहेर पडते, आणि आतले तपमान असे उतरू लागणे ही झोप येण्याची एक खूण आहे. मिंडेल यांनीच २००९ मध्ये ४०५ आया आणि त्यांची सात ते छत्तीस महिन्यांची मुले यांच्यावर केलेल्या प्रयोगात स्नान, मालिश आणि शांत खेळ असा ठराविक क्रम रोज पाळण्यास सांगितले होते. दोन आठवड्यांत मुले लवकर झोपू लागली आणि रात्रीची जागही घटली. त्यात दूध तोडण्याचा प्रश्नच नव्हता. तोच क्रम, त्याच वेळी, रोज, इतकेच होते.

काही मुले मात्र हा बदल मानत नाहीत आणि बिछान्यावर पडल्यावर पुन्हा मागतात. त्यांच्यासाठी एलिझाबेथ पँटली यांनी २००२ साली आपल्या पुस्तकात सांगितलेली एक युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. मूल पिऊ लागले की प्रथम घुटके मोठे आणि संथ असतात. गळ्याची हालचाल दिसते, गिळल्याचा बारीक आवाज येतो. दूध ओसरले की तोच जबडा भरभर, उथळ थरथरू लागतो, गिळणे थांबते, मूठ सैल पडते. हा क्षण साधावा. करंगळी मुलाच्या ओठांच्या कोपऱ्यातून अलगद आत सरकवून पकड सोडवावी, आणि हनुवटीखाली बोटाचा हलका आधार देऊन तोंड मिटून धरावे. बहुधा ते डोके हलवून शोधू लागेल. दहापर्यंत मोजावे, थोपटावे, चाललेले गाणे तसेच चालू ठेवावे. तरीही रडू फुटले तर पुन्हा द्यावे, आणि पुन्हा थरथर सुरू होताच पुन्हा सोडवावे. पहिल्या रात्री असे पाच वेळा करावे लागेल. पण शेवटच्या खेपेस स्तन तोंडाबाहेर असताना डोळा लागला, की त्या रात्रीपुरते काम झाले. काही दिवसांत मूल स्वतःच तोंड सोडून वळते.

पाजत असतानाच नव्या खुणा जोडून ठेवाव्या, म्हणजे दूध सरले तरी त्या उरतील. तीच अंगाई, पाठीवर त्याच लयीचा हात, आणि आईच्या जुन्या सुती लुगड्याचे हातभर फडके किंवा लहानशी गोधडी.

रात्रीची मुदत

पहिली झोप अशी सुधारली की मधल्या जागा पुष्कळदा आपोआप कमी होतात. ज्यांच्या होत नाहीत, त्यांच्यासाठी लॉस एंजेलिसचे बालरोगतज्ज्ञ जे गॉर्डन यांची पद्धती आपल्या घरांना विशेष सोयीची आहे, कारण ती एकाच बिछान्यात झोपणाऱ्या कुटुंबांसाठीच आखलेली आहे. रात्रीचे सलग सात तास ठरवावे, समजा अकरा ते सहा. अकराच्या आधी आणि सहाच्या नंतर मूल मागेल तेवढे पाजावे. मधल्या मुदतीत पहिल्या तीन रात्री थोडेसेच पाजून, पुरते झोपण्यापूर्वी बाजूला करून थोपटावे. पुढच्या तीन रात्री पाजू नये, पण उचलून कुशीत घ्यावे. त्यानंतरच्या चार रात्री उचलूही नये, शेजारी पडल्या पडल्या हात आणि आवाज एवढेच द्यावे. मूल रडेल, परंतु आईच्या हाताखाली रडणे आणि बंद दाराआड एकटे रडणे यांत महदंतर आहे. दाराआडच्या पद्धतीने मुले झोपत नाहीत असे नव्हे, पुष्कळ झोपतात. पण दोन खोल्यांच्या घरात, आजीआजोबांच्या देखत आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या चाळीत ती पहिल्याच रात्री मोडते, आणि मोडलेला नियम हा नसलेल्या नियमापेक्षा वाईट.

दिवसा मुलाला पूर्वसूचना द्यावी. सव्वा वर्षाच्या मुलाला आपण समजतो त्याहून पुष्कळ अधिक कळते. 'चिऊताई गाई गाई, भूभू गाई गाई, दुदूपण गाई गाई; उजाडलं की दुदू उठणार', असे पाजताना आणि खेळताना दहादा सांगावे, आणि रात्री तेच, त्याच शब्दांत, न रागावता, दिवा न लावता. सहा वाजता मात्र दिलेला शब्द पाळावा: पडदा सरकवून, उजेड दाखवून, 'बघ, उजाडलं' म्हणून पाजावे. एकेक वेळ अशी क्रमाने कमी झाल्याने आईलाही त्रास होत नाही; एकाएकी सर्व बंद केल्यास दूध साचून गाठी होतात, ताप येतो, आणि मग निश्चय वैद्याच्या दारात संपतो. रात्रीचे पाजणे घटले की थांबलेली मासिक पाळी परत येणे संभवते, याचीही दखल नवराबायकोंनी घेऊन ठेवावी.

नातलग बाई, आजी आणि सी. डी. विल्यम्स

१९५९ साली सी. डी. विल्यम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी अवघ्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. मूल एकवीस महिन्यांचे. जन्मानंतरचे कितीतरी महिने आजारी होते, त्यामुळे रात्री कोणीतरी उशाशी बसण्याचा दस्तूर पडला होता, आणि बरे झाल्यावरही त्याने तो सोडला नव्हता. आईबापांनी अखेर त्याला निजवून बाहेर यावयाचे ठरवले. पहिल्या रात्री ते पाऊण तास रडले, नंतर रडणे झपाट्याने ओसरले, आणि दहाव्या खेपेपर्यंत तर ते हसत निरोप देऊ लागले. आठवड्याभराने घरातील एका नातलग बाईंनी त्याला निजवले. ते जरासे कुरकुरले, बाईंना राहवले नाही आणि त्या परत आत गेल्या. झाले! सगळा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून करावा लागला.

ही पद्धत कोणी अवलंबावी म्हणून मी ही हकिकत सांगत नाही, तिच्यातील बाईंसाठी सांगतो. कधी दिले, कधी नाकारले, अशा अनिश्चिततेत कोणतीही मागणी सर्वांत चिवट बनते. तीनदा रडून मिळाले नाही आणि चौथ्यांदा मिळाले, तर मूल एवढेच शिकते की चारदा रडावे लागते. म्हणून आरंभ करण्यापूर्वी घरातील सर्व वडीलधाऱ्यांची संमती घ्यावी, आणि तीही आईने न घेता मुलाच्या वडिलांनी घ्यावी; 'आई, आठ-दहा दिवस रडण्याचा आवाज आला तरी तुम्ही आत येऊ नका', हे वाक्य सुनेच्या तोंडी उद्धट ठरते आणि लेकाच्या तोंडी खपून जाते. वडिलांचे काम एवढ्यावर संपत नाही. मधल्या रात्री मुलाजवळ निजावयाचे ते त्यांनीच, कारण त्यांच्या अंगाला दुधाचा वास नसतो आणि मुलालाही त्यांच्याकडून ती अपेक्षा नसते. पहिल्या दोन रात्री मूल त्यांना लाथा मारील; त्या त्यांनी सोसाव्या.

जुने उपाय आणि डॉक्टरांचा मामला

मूल झोपावे म्हणून आपल्याकडे काय काय झाले नाही! मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन पाळीवर जात. कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या व्हिटली कमिशनच्या १९३१ च्या अहवालातही या चालीचा उल्लेख आला. त्या बायांना दोष देण्याचा अधिकार पाळणाघरे न बांधणाऱ्यांना नव्हता. अफू गेली, पण घुटीत जायफळाचे वेढे वाढवणे, किंवा सर्दी नसताना सर्दीचे गुंगी आणणारे औषध पाजणे हे तिचेच वंशज असून दोन्ही घातक आहेत, जायफळही अधिक झाल्यास विषासारखे बाधते. स्तनाला कोरफडीचा गर किंवा कडुनिंब लावण्याची रीत तितकी धोक्याची नाही, पण मला ती पसंत नाही. मुलाला कारण सांगून नाकारणे एक, आणि त्याचा विश्वासाचा पदार्थ कडू करून ठेवणे दुसरे.

काही मुले मात्र सवयीने उठत नाहीत, दुखण्याने उठतात. रोज घोरणारे, तोंड उघडे टाकून श्वास घेणारे, झोपेत घामाने भिजणारे मूल नाकामागच्या ग्रंथींसाठी तपासून घ्यावे. आडवे केले की रडणारे आणि कान ओढणारे मूल कानासाठी. रात्री शीच्या जागी खाजवणारे मूल सुतासारख्या जंतांसाठी. रक्तातील लोहाकडे विशेष लक्ष हवे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या वयातील ६७.१ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. आईच्या दुधात लोह थोडेच असते, आणि लोहाची उणीव असलेले मूल कधीकधी रात्रभर पाय झाडत तळमळते. अशा मुलावर रात्रीची मुदत लादण्यापूर्वी रक्ताची तपासणी करावी. दातांविषयी एकच सांगतो: झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे रात्रभर पिणाऱ्या मुलाचे वरचे पुढचे दात किडण्याचा संभव वाढतो, आणि पहिला पांढरट डाग दिसताच दंतवैद्याकडे जावे.

सर्व नीट चालू असता एखाद्या दिवशी ताप येतो, सुळे फुटू लागतात, किंवा लग्नाकार्यासाठी चार दिवस परगावी राहावे लागते, आणि मूल पुन्हा रात्री दूध मागू लागते. अशा वेळी द्यावे; तापात तर जरूर द्यावे, कारण तेव्हा अन्न पोटात ठरत नाही आणि दूध ठरते. ताप उतरल्यावर, किंवा घरी परत आल्यावर दोन रात्री जाऊ द्याव्या आणि तिसऱ्या रात्रीपासून तोच क्रम, तेच शब्द, तीच मुदत पुन्हा सुरू करावी. या खेपेस दहा रात्री बहुधा लागत नाहीत. ओळखीची वाट असल्यामुळे मूल तीन-चार रात्रींतच रुळते.